फाईल पीडीएफ आहे हे ब्राउझरला कोण सांगतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, कारण त्यात दोन वेगळे दोष एकमेकांत गुंतलेत असं मला वाटतं. कॉलेजच्या पोर्टलवरून तुम्ही निकालपत्र उतरवता. ऑफिसातल्या क्रोममध्ये ते नीट पीडीएफ म्हणून येतं. घरच्या फायरफॉक्समध्ये मात्र नुसती ‘सेमिस्टर’ नावाची फाईल येते, पुढे एक्स्टेंशन नाही. तिला हाताने डॉट पीडीएफ लावलं की कधी उघडते, कधी ‘फाईल खराब आहे’ असा संदेश येतो. जी उघडत नाही ती जेमतेम ९ केबीची असते, चांगली असते ती २४० केबीच्या आसपास. आणि तुम्हाला हवंय ते असं की फाईलचा प्रकार ब्राउझर नेमका कशावरून ठरवतो आणि दोन ब्राउझरांचं त्यावर एकमत का होत नाही.

पोर्टलचा सर्व्हर मी पाहिलेला नाही, त्यामुळे पुढचं निदान तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून आहे. पण ही लक्षणं माझ्या ओळखीची आहेत. गेली एकोणीस वर्षं मी अशीच पोर्टलं चालवतो आणि ‘फाईल उघडत नाही’ ही तक्रार माझ्याकडे आठवड्याला एकदा तरी येते.

फाईलच्या प्रकाराबद्दल ब्राउझरपुढे तीन साक्षी असतात. सर्व्हरने सोबत पाठवलेलं हेडर (फाईलबद्दल माहिती देणारी ओळ), फाईलचं नाव, आणि फाईलच्या आतले सुरुवातीचे बाइट. तिघांचं जुळलं तर तुम्हाला काही कळतही नाही. जुळलं नाही की कुणाचं ऐकायचं हा प्रश्न उभा राहतो. आपण विंडोजच्या सवयीने नावाला पहिला मान देतो. ब्राउझर पहिला मान हेडरला देतो. बहुतेक गोंधळाचं मूळ इथे आहे.

त्या हेडरचं नाव कंटेंट-टाइप. ही पद्धत मुळात ईमेलसाठी निघाली. १९९२ मध्ये नथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी माइम नावाचं मानक मांडलं. ईमेलमधून चित्र, आवाज, जोडपत्र पाठवायचं तर पलीकडच्याला ‘हे काय आहे’ ते आधी सांगायला हवं, म्हणून दोन भागांचं नाव ठरलं: आधी कुळ, मग तिरपी रेघ, मग नेमका प्रकार. टेक्स्ट/एचटीएमएल, इमेज/पीएनजी, ॲप्लिकेशन/पीडीएफ. वेबची पहिली आवृत्ती इतकी साधी होती की तिच्यात हेडर नव्हतीच, जे येईल ते एचटीएमएल, म्हणजे वेब पान, समजायचं. १९९६ मध्ये एचटीटीपी (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या बोलण्याचे नियम) १.० चा दस्तऐवज निघाला त्यात ही ईमेलची पद्धत वेबसाठीही नोंदवली गेली, आणि आजही तीच चालू आहे.

या प्रकारांत एक नाव लक्षात ठेवा: ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम. ऑक्टेट म्हणजे आठ बिट. ‘हा बाइटांचा ओघ आहे, आत काय आहे ते मी सांगत नाही’ एवढाच त्याचा अर्थ. ज्या सर्व्हरला प्रकार माहीत नसतो किंवा ज्या प्रोग्रॅमरला तो शोधायचा कंटाळा येतो, तो हे नाव लावून मोकळा होतो. ब्राउझर मग ती फाईल उघडायच्या भानगडीत पडत नाही, उतरवून ठेवतो. तुमच्या पोर्टलवर हेच होत असावं असा माझा अंदाज आहे. का, ते फाईलच्या नावापाशी आल्यावर सांगतो.

सर्व्हर खोटं बोलला, किंवा काही बोललाच नाही, तर काय होतं? १९९९ च्या एचटीटीपी १.१ मध्ये नियम स्पष्ट होता. कंटेंट-टाइप दिलेलाच नसेल, तरच मजकूर किंवा वेब पत्त्यातलं एक्स्टेंशन बघून अंदाज करायला ब्राउझरला मुभा. पण सर्व्हरांची व्यवस्थाच ढिसाळ असायची. अपाची हा सर्व्हर अनेक वर्षं ओळखीच्या नसलेल्या फाईलला ‘साधा मजकूर’ असं लेबल लावून पाठवायचा. मग ध्वनिफीत मागितली की पडद्यावर चौकोन आणि प्रश्नचिन्हांचा पाऊस पडायचा. वापरणारा त्यासाठी सर्व्हरला दोष देत नाही, ‘हा ब्राउझर बेकार आहे’ म्हणतो आणि दुसरा ब्राउझर घेतो. म्हणून ब्राउझर बनवणाऱ्यांनी हेडर बाजूला ठेवून आतले बाइट हुंगायला सुरुवात केली. याला खरोखरच स्निफिंग म्हणतात.

फाईलची सुरुवात पाहून प्रकार ओळखता येतो, कारण बहुतेक प्रकारांना ठरलेली खूण असते. पीडीएफ टक्क्याच्या चिन्हाने सुरू होते आणि त्याला लागून पीडीएफ ही तीन इंग्रजी अक्षरं आणि एक आडवी रेघ. जिफ चित्रात पहिली तीन अक्षरं जिफच असतात. झिप फाईल ‘पीके’ या दोन अक्षरांनी सुरू होते, ती झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. विंडोजच्या चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या सुरुवातीला ‘एमझेड’ असतं, तीही मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टमधल्या प्रोग्रॅमरची आद्याक्षरं.

पण हुंगण्यातून मोठा धोका निघाला. समजा एखाद्या साइटवर लोकांना फोटो चढवता येतात. कुणी चित्राच्या नावाने अशी फाईल चढवली की जिच्या सुरुवातीच्या बाइटांत एचटीएमएल आणि स्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम, दडवली आहे. सर्व्हर इमानाने सांगतो, हे चित्र आहे. जुना इंटरनेट एक्सप्लोरर पहिले २५६ बाइट पाहून म्हणायचा, छे, हे तर वेब पान, आणि ती स्क्रिप्ट त्या साइटच्या नावाने चालवायचा. म्हणजे तुमचं लॉगिन चोराच्या हातात. अखेर इंटरनेट एक्सप्लोरर ८ मध्ये ‘नो-स्निफ’ असं सांगणारं हेडर आलं, त्याचा अर्थ ‘मी सांगतो तेच धर, हुंगू नकोस’. पुढे बाकीच्या ब्राउझरांनीही ते घेतलं. २००९ मध्ये ॲडम बार्थ, हुआन काबायेरो आणि डॉन साँग यांनी सुरक्षितपणे कसं हुंगावं यावर शोधनिबंध लिहिला. आज या विषयाचं एक लिखित मानक आहे. त्यात कोणत्या खुणा कोणत्या क्रमाने पाहायच्या हे सांगितलंय आणि पहिले १४४५ बाइट पुरेसे मानलेत. मुख्य म्हणजे हुंगून एखाद्या निरुपद्रवी प्रकाराला स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रकारात बढती द्यायची नाही, असा त्याचा रोख आहे.

त्यामुळे आजची रीत साधारण अशी. हेडर नसेल तर ब्राउझर बाइट पाहतो. हेडर ‘साधा मजकूर’ म्हणत असेल आणि आत मजकूर दिसत नसेल, तर पडद्यावर ओतण्याऐवजी उतरवून ठेवतो. पण हेडर ठामपणे ‘हे एचटीएमएल आहे’ म्हणत असेल, तर आत अस्सल पीडीएफ असली तरी ब्राउझर ते एचटीएमएलच मानतो. हे मी एकदा चांगलंच अनुभवलंय. ते थोडं सविस्तर सांगतो, कारण तिन्ही साक्षी वेगवेगळं बोलल्या की काय होतं ते त्यात दिसतं.

एका शिक्षणसंस्थेच्या फीच्या पावत्या आम्ही पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेतून पीडीएफ करून देत होतो. आमच्या चाचणीच्या सर्व्हरवर पावती छान उघडायची. खऱ्या सर्व्हरवर चढवली आणि पालकांचे फोन सुरू झाले: पावती मागितली की पानभर चिन्हांचा कचरा येतो. कोड तोच, लायब्ररी तीच. दोन दिवस मी पीडीएफ बनवणाऱ्या कोडमध्ये शोधत बसलो आणि ते चुकलंच. तिसऱ्या दिवशी सुरुवातीचे आठ बाइट काढून बघितले: ईएफ, बीबी, बीएफ, २५, ५०, ४४, ४६, २डी. शेवटचे पाच म्हणजे पीडीएफची खूण, बरोबर जागच्या जागी. पण तिच्याआधी तीन पाहुणे बसलेले.

ते तीन बाइट म्हणजे यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) मजकुराच्या आरंभीची खूण, बॉम. आमच्यापैकी कुणीतरी सेटिंगच्या फाईलमध्ये संस्थेचं नाव मराठीत लिहायला ती नोटपॅडमध्ये उघडली होती. मराठी अक्षरं टिकवायची तर यूटीएफ-८ निवडूनच जतन करावं लागायचं, आणि तेव्हाचं नोटपॅड तसं करताना ही खूण न सांगता घालायचं. डोळ्यांना ती दिसत नाही. पीएचपीने मात्र ती ‘पानाचा मजकूर’ म्हणून आधीच पाठवून दिली, आणि मजकूर एकदा निघाला की हेडर बदलता येत नाही. आमची ‘हे पीडीएफ आहे’ ही ओळ वाया गेली आणि पीएचपीचं ठरलेलं हेडर, टेक्स्ट/एचटीएमएल, पुढे गेलं. ब्राउझरने ते मानलं आणि पीडीएफचे बाइट वेब पान समजून मांडले. चाचणीच्या सर्व्हरवर ४०९६ बाइटांचा बफर, म्हणजे पाठवण्याआधी मजकूर साठवून ठेवायची जागा, चालू होता, म्हणून तिथे खूण थांबून राहिली आणि हेडर वेळेत गेलं. खऱ्या सर्व्हरवर तो बंद होता. तिथेही बफर चालू करून काम भागलं असतं, पण ते मलम होतं. खूण तरीही फाईलच्या तोंडाशी राहिली असती. ॲडोबचा ॲक्रोबॅट पीडीएफची खूण पहिल्या १०२४ बाइटांत कुठेही चालवून घेत आलाय, म्हणून अशा फाईली बहुतेक ठिकाणी उघडतात आणि एखाद्या कडक प्रोग्रॅममध्ये अडतात. आम्ही ती सेटिंगची फाईल खुणेशिवाय पुन्हा जतन केली, आणि तेव्हापासून पीडीएफची तक्रार आली की मी आधी पहिले बाइट बघतो, कोड नंतर.

आता नावाकडे येऊ. तुमचा पहिला दोष इथे आहे असं मला वाटतं. उतरवलेल्या फाईलचं नाव ब्राउझर सगळ्यात आधी कंटेंट-डिस्पोझिशन नावाच्या हेडरमधून घेतो. त्यात ‘ही जोडफाईल आहे, नाव अमुक’ असं असतं. ते नसेल तर पत्त्याचा शेवटचा तुकडा घेतो. नावाला एक्स्टेंशन नसेल तर कंटेंट-टाइपवरून जोडायचा प्रयत्न करतो. आता नावात मोकळी जागा असेल तर ते अवतरणचिन्हांत द्यायचं असा नियम आहे. पुष्कळ प्रोग्रॅमर ती चिन्हं विसरतात. क्रोम अशा वेळी समजून घेतो आणि ओळीच्या शेवटापर्यंतचं नाव उचलतो. फायरफॉक्स नियमाला धरून पहिल्या मोकळ्या जागेशी थांबत आलाय. तुमच्या फाईलचं मूळ नाव इंग्रजीत ‘सेमिस्टर ४ निकाल डॉट पीडीएफ’ अशा धर्तीचं असेल, तर पहिल्या जागेशी तोडल्यावर उरतं नुसतं ‘सेमिस्टर’. आणि सोबतचा कंटेंट-टाइप ऑक्टेट-स्ट्रीम असेल, तर कोणतं एक्स्टेंशन लावायचं हेही फायरफॉक्सला कळायला मार्ग नाही. ॲप्लिकेशन/पीडीएफ पाठवलं असतं तर त्याने बहुधा डॉट पीडीएफ लावलं असतं. या दोषात फाईल आतून शाबूत असते, म्हणून नाव बदललं की उघडते.

नावांचा विषय निघालाच आहे तर मराठी नावांबद्दलही सांगतो, कारण आपल्याकडच्या पोर्टलांना हे हमखास लागतं. हेडरमध्ये देवनागरी सरळ लिहिणं नियमात बसत नाही. काही ब्राउझर अंदाजाने ते बरोबर वाचतात, काही ठिकाणी नावाची दुर्दशा होते. २०११ पासून याची रीतसर सोय आहे: नावाचा एक दुसरा, तारांकित रकाना असतो आणि त्यात यूटीएफ-८ चा प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह लिहायचा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, त्यामुळे ‘प्रमाणपत्र’ हा शब्द, काना आणि पाय मोडायच्या खुणा धरून दहा चिन्हं, हेडरमध्ये नव्वद अक्षरं लांब होतो. दिसायला भयंकर, पण चालतं. मी नेहमी दोन्ही रकाने पाठवतो, साधा इंग्रजी नावाचा आणि तारांकित मराठीचा.

फाईल डिस्कवर उतरली की कंटेंट-टाइप मागेच राहतो. विंडोज ‘ही इंटरनेटवरून आली’ अशी एक लपलेली नोंद फाईलला चिकटवतं, पण ‘सर्व्हर हिला पीडीएफ म्हणाला होता’ हे कुठे लिहून ठेवत नाही. तिथून पुढे विंडोज नावातल्या एक्स्टेंशनवरच चालतं. लिनक्सचे डेस्कटॉप नावाबरोबर आतले बाइटही पाहतात, म्हणून तीच ‘सेमिस्टर’ फाईल तुम्ही लिनक्सवर उघडली तर बहुतेक डबल क्लिक करताच उघडेल.

दुसरा दोष त्या ९ केबीचा. नाव बदलल्याने फाईलचं नाव बदलतं, आत असेल ते तसंच राहतं. मला जवळजवळ खात्री आहे की त्या ९ केबीत तुमचं निकालपत्र नाहीच. त्यात पोर्टलचं ‘पुन्हा लॉगिन करा’ हे पान आहे. सेशन, म्हणजे लॉगिनची मुदत, संपलेला असताना दुवा दाबला की सर्व्हर निकालाऐवजी लॉगिनचं पान देतो, आणि कोड नीट लिहिलेला नसेल तर त्या पानावरही निकालपत्राचंच नाव आणि ‘जोडफाईल’ हे लेबल लागून जातं. डाउनलोड मॅनेजर वापरत असाल तर हे आणखी वेळा होईल. तो ब्राउझरकडून फक्त पत्ता घेतो, लॉगिनची कुकी (ब्राउझरकडे असलेली ओळखीची चिठ्ठी) त्याच्याकडे नसली तर सर्व्हरच्या दृष्टीने तो अनोळखी माणूस असतो.

हे दोन मिनिटांत तपासता येतं. ती फाईल नोटपॅडमध्ये उघडा आणि फक्त पहिली ओळ वाचा. टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ दिसलं, तर फाईल खरी आहे. कोनी कंसात डॉकटाइप किंवा एचटीएमएल दिसलं, तर ते वेब पान आहे. मग तिला डॉट एचटीएमएल असं नाव देऊन ब्राउझरमध्ये उघडा, सर्व्हर तुम्हाला काय सांगत होता ते वाचायला मिळेल. पहिली दोन अक्षरं ‘पीके’ असतील तर झिप. मात्र झिप दिसली म्हणून लगेच सोडवू नका. २००७ पासूनच्या वर्ड आणि एक्सेलच्या फाईली, अँड्रॉइडची ॲपं, सगळी आतून झिपच असतात. जुन्या सर्व्हरांच्या यादीत हे नवे प्रकार नव्हते, त्यामुळे वर्डची फाईल डॉट झिप होऊन यायची आणि लोक ती सोडवून आतल्या एक्सएमएलच्या ढिगात आपलं पत्र शोधत बसायचे. तिथे नाव पूर्ववत केलं की काम होतं.

सर्व्हर काय म्हणतो ते पाहायचं तर पोर्टल उघडं असताना एफ-१२ दाबा, नेटवर्क हा टॅब निवडा, मग निकालाचा दुवा दाबा आणि त्या ओळीची हेडर पाहा. कमांडवरून पाहायची सवय असेल तर कर्ल या कमांडने नुसती हेडर मागवण्यावर विसंबू नका. काही पोर्टलं नुसत्या हेडरच्या मागणीला वेगळं उत्तर देतात, आणि लॉगिन नसताना तर तुम्हाला लॉगिनच्या पानाचीच हेडर दिसतील.

तुम्ही शेवटी विचारलंय की पोर्टलवर फाईल चढवतानाही असंच होतं का. तिथे उलटं आहे आणि जास्त कच्चं आहे. ब्राउझर फाईलच्या आत पाहत नाही, नावातलं एक्स्टेंशन आणि तुमच्या संगणकावरची नोंद बघून प्रकार सांगतो. म्हणून एक्सेल असलेल्या विंडोजवरून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेला साध्या मजकुराचा तक्ता) चढवली की ती कित्येकदा ‘एक्सेलची फाईल’ म्हणून पोचते आणि पोर्टल ती नाकारतं. ज्यांच्या हातात पोर्टल आहे त्यांनी ब्राउझरच्या या सांगण्यावर सुरक्षा बेतू नये. बाइट सर्व्हरवर स्वतः तपासावेत, आणि लोकांनी चढवलेल्या फाईली जमलं तर वेगळ्या डोमेनवरून द्याव्यात. गूगल आणि गिटहब दोघेही तसंच करतात.

पोर्टलवाल्यांना लिहाल तेव्हा ‘पीडीएफ उघडत नाही’ एवढंच लिहू नका, त्यावर ‘आमच्याकडे उघडते’ असं उत्तर येईल आणि ते खरंही असेल, कारण ते क्रोम वापरत असतील. तीन मागण्या करा. कंटेंट-टाइप ॲप्लिकेशन/पीडीएफ पाठवा. फाईलचं नाव अवतरणचिन्हांत द्या. आणि सेशन संपला असेल तर फाईलच्या नावाखाली लॉगिनचं पान देऊ नका, सरळ लॉगिनकडे वळवा. पहिल्या दोन दुरुस्त्या प्रत्येकी एका ओळीच्या आहेत.

तोवर तुमच्यापुरता उपाय: दुवा दाबण्याआधी पान एकदा ताजं करून लॉगिन जिवंत आहे ना ते बघा, डाउनलोड मॅनेजर बंद ठेवा, आणि फायरफॉक्समध्ये जतन करतानाच नावापुढे डॉट पीडीएफ लिहा. त्या ९ केबीच्या फाईलची पहिली ओळ मला नक्की कळवा. तिथे एचटीएमएल न दिसता दुसरंच काही दिसलं, तर माझं दुसरं निदान चुकलेलं असेल आणि मग आपल्याला नेटवर्क टॅबमधली हेडर एकत्र बघावी लागतील.